माघारीला पदक नसते

गेल्या काही वर्षांत गोव्यात एक नवे वेड आले आहे आणि ते पोरांपेक्षा माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्यांनाच जास्त लागले आहे. त्याचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहायचे, मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचे आणि सायकल ठेवली की लगेच धावायचे. मध्ये विश्रांती नाही, कपडे बदलतानाही घड्याळ चालूच! २० ऑक्टोबर २०१९ रोजी मिरामारला ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि पणजीकरांना या प्रकाराचे जवळून दर्शन घडले. त्यातला ७०.३ हा आकडा मैलांचा. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धाव असे सगळे मिळून ११३ किलोमीटर साडेआठ तासांत संपवायचे. त्याच्या चार वर्षे आधी, २०१५ साली, आपल्या मिलिंद सोमणने पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला याच्या दुप्पट अंतराची स्पर्धा पूर्ण केली होती. ती बातमी वाचून अनेक मराठी घरांतल्या सायकली माळ्यावरून खाली आल्या असणार. वेड चांगले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फायलींत मान घालून बसणाऱ्या माणसाने पहाटे उठून अंग हलवावे यासारखे दुसरे चांगले काय असणार?

मला बोलायचे आहे ते थोड्या वेगळ्या गोष्टीवर. माणसाची पहिलीच स्पर्धा असते आणि नेमका त्याच दिवशी दर्या खवळतो, पाऊस कोसळतो. तेव्हा त्याने काय करावे? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याने जे केले त्याबद्दल आपण काय बोलावे?

गोव्यात हा प्रश्न वारंवार येणारच. आपल्याकडे या स्पर्धा बहुधा पावसाळा सरता सरता किंवा तो सरल्यावर लगेच होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचा आपला समुद्र कसा असतो हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सकाळी काचेसारखा आणि दुपारी काळा. परतीचा पाऊस गडगडाट करीत येतो आणि मांडवीच्या मुखाशी पाणी गढूळ होऊन जाते. २०१९ चेच पाहा. २० ऑक्टोबरला मिरामारला स्पर्धा झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, ‘नु शी नलिनी’ हे नाफ्ता भरलेले जहाज खवळलेल्या समुद्रात भरकटत येऊन दोनापावलाजवळ, राजभवनाच्या पायथ्याशी खडकांत रुतले. त्याच सुमारास अरबी समुद्रात पुढे ‘क्यार’ नाव मिळालेले वादळ तयार होत होते. जहाज आणि स्पर्धा यांचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण मधले अंतर फक्त चार दिवसांचे होते, हे विसरता येत नाही. स्पर्धेची तारीख माणूस वर्षभर आधी ठरवतो, दर्या मात्र आपली तारीख कुणालाच कळवत नाही.

आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. वय त्रेचाळीस, लेखा विभागात कारकून, दोन मुलांचा बाप. वर्षभर पहाटे पाचला उठून त्याने तयारी केली. पोहणे तरणतलावात शिकला, सायकल पुतण्याची घेतली, बूट तेवढे नवे. एका लहानशा स्थानिक स्पर्धेत त्याने नाव घातले. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धाव. नवख्यांसाठी असते ते हे अंतर. त्या सकाळी मी धावण्याच्या वाटेवर पाणी नि केळी वाटायला उभा राहणार होतो, म्हणून उजाडायच्या आत किनाऱ्यावर पोचलो. रात्रभर पाऊस पडून गेला होता. वारा पश्चिमेचा. लाटा फार उंच नव्हत्या, पण एकीमागून एक येत होत्या, मध्ये उसंत म्हणून नव्हती. आयोजकांनी अर्धा तास वाट पाहिली आणि मग शिट्टी वाजवली.

हा गडी गेला. दीडदोनशे मीटरपर्यंत त्याची लाल टोपी मला दिसत होती, मग दिसेना. नंतर त्याने सांगितले ते असे. तोंड वर करून श्वास घ्यायला गेला की लाट थेट तोंडावर. दोन वेळा खारे पाणी गिळले, तिसऱ्यांदा ठसका लागला. डोके वर काढले तर पुढे जायची खूण असलेला बोया दिसेना, नुसती लाट. छाती धडधडू लागली. तेव्हा तो पाठीवर उलटा झाला, हात वर केला आणि फळीवरून आलेल्या जीवरक्षकाला म्हणाला, “मला परत ने.” पुढच्या दहा मिनिटांत तो वाळूत बसला होता. ओठ पांढरे पडले होते, पण शुद्धीवर होता आणि मुख्य म्हणजे होता.

सोमवारी ऑफिसात काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. “कितें रे, दर्यांत न्हावन आयलो?” इथपासून सुरुवात. कुणी म्हणाले, शुल्काचे पैसे दर मिनिटाला किती पडले ते लेखा विभागानेच काढावे. कुणी त्याच्या टेबलावर प्लास्टिकचे बदक ठेवले. त्यात दुष्टावा नव्हता, ऑफिसातली थट्टा अशीच असते. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या खात्यातल्या एकाने तीच स्पर्धा पूर्ण केली होती, त्याला शाल, श्रीफळ आणि सूचना फलकावर अभिनंदन. आमचा हा गडी त्या दिवसापासून पोहण्याविषयी बोलेनासा झाला. मला लागले ते हे. त्या सकाळी समुद्रात उतरलेल्या नवख्यांत सर्वांत शहाणा निर्णय ज्याने घेतला, त्यालाच आपण मान खाली घालायला लावले.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, पहिल्या स्पर्धेत हवामान बिघडले तर मागे फिरणे हाही खेळाचाच भाग मानला पाहिजे. नवख्याला तो हक्क सन्मानाने मिळाला पाहिजे, आणि तो देणे आयोजकांइतकेच आपल्याही हातात आहे.

तरणतलाव आणि समुद्र यांत नवख्यासाठी किती अंतर आहे ते आधी समजून घेऊ. तलावात तळाशी काळी रेघ असते, पंचवीस मीटरवर भिंत असते, दमलो तर कठडा असतो. समुद्रात यातले काहीच नाही. डोके वर काढून दिशा पाहावी लागते आणि दर वेळी डोके वर काढले की पाय खाली जातात, दम जास्त लागतो. भोवती शंभर माणसांचे हातपाय, कुणाची लाथ चष्म्यावर बसते. थंड देशांत स्पर्धक वेटसूट घालतात, तो अंगाला ऊब देतो आणि पाण्यावर तोलूनही धरतो. आपल्या गरम पाण्यात तो सहसा नसतोच, म्हणजे तोही आधार गेला. अशात लाट तोंडावर आली की माणूस श्वास रोखून धरतो. आतली हवा पूर्ण बाहेर सोडत नाही आणि नवी आत घ्यायला जागा उरत नाही. श्वास पुरत नाही म्हणून घाबरतो, घाबरला म्हणून श्वास आणखी तोकडा होतो. हे चक्र एकदा सुरू झाले की दंडातली ताकद कामाला येत नाही. व्यायामशाळेत कमावलेले शरीर तिथे तितकेच असहाय असते.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो आमच्या सहकाऱ्याने अचूक केला. पाठीवर उलटे व्हायचे, तोंड आकाशाकडे, श्वास लांब सोडायचा. हात वर करून मदत मागायची. पुष्कळ नवख्यांना ठाऊक नसते की ट्रायथलॉनच्या नियमांत होडी, फळी किंवा बोया धरून विसावा घेतला म्हणून स्पर्धक बाद होत नाही. त्या आधाराने पुढे सरकायचे नाही, एवढीच अट. दम परत आला तर पुढे जावे, नाही आला तर किनाऱ्यावर यावे. ओढ लागली तर तिच्याशी थेट झुंजायचे नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचे. या चार गोष्टी स्पर्धेच्या आदल्या दिवशी, फोटो आणि भाषणे बाजूला ठेवून, प्रत्येक नवख्याकडून एकदा पाण्यात करवून घेतल्या तरी पुष्कळ झाले.

हे सगळे मी भीती घालायला सांगत नाही. आकडे पाहिले तर या खेळात मृत्यू फार थोडे होतात. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन स्पर्धांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. त्यात एक लाख स्पर्धकांमागे असे प्रसंग दोनाहूनही कमी निघाले. पण एकूण १३५ प्रसंगांची फोड विचार करायला लावते. त्यांतले ९० पोहताना घडले. ८५ टक्के पुरुष, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. ज्या ६८ जणांचा पूर्वानुभव कळला, त्यांतल्या २६ जणांची ती पहिलीच ट्रायथलॉन होती. शवविच्छेदनाची माहिती मिळालेल्या ६१ जणांपैकी २७ जणांच्या हृदयात लक्षणीय दोष आढळला. म्हणजे चाळिशीपुढचा पुरुष, पहिलीच स्पर्धा आणि पाणी, या तीन गोष्टी एकत्र येतात तिथे जपायला हवे. हे वर्णन कुणाचे आहे? आपल्याच ऑफिसांतल्या, बँकांतल्या, शाळांतल्या हौशी मंडळींचे. म्हणून नाव घालण्यापूर्वी डॉक्टरकडून हृदय तपासून घ्यावे आणि पाण्यात छाती वेगळी धडधडली तर तिचे ऐकावे.

आता कुणी म्हणेल, संकटाशी झुंजणे हेच तर या खेळाचे मर्म आहे, सगळे निर्धास्त असेल तर मग घरीच बसावे. या आक्षेपाला खेळाच्या इतिहासातूनच उत्तर देता येते. आयर्नमॅनची सुरुवात हवाईतल्या ओआहू बेटावर १९७८ साली झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. दुसरी स्पर्धा जानेवारी १९७९ मध्ये होती. सुमारे पन्नास जण जमले होते, पण हवामान इतके बिघडले की स्पर्धा एक दिवस पुढे ढकलावी लागली. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष उतरले पुन्हा पंधराच. टॉम वॉरन जिंकला. लिन लेमेअर ही स्पर्धा पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली, तीही एकूण पाचव्या क्रमांकाने. एका अमेरिकन क्रीडा साप्ताहिकाने त्यावर मोठा लेख छापला आणि हा वेडा खेळ जगाला ठाऊक झाला. त्या पंधरा जणांच्या धाडसाला माझा नमस्कार. पण मला राहून राहून उरलेल्या पस्तिसांची आठवण येते. आकाशाकडे आणि पाण्याकडे पाहून ‘आज नको’ म्हणणारे ते पस्तीस जण कोण होते? पुढे त्यांनी काय केले? त्यांची नावे कुठल्याच गोष्टीत येत नाहीत. या खेळाच्या जन्मापासूनच आपण उतरणाऱ्यांची यादी ठेवली, थांबणाऱ्यांची ठेवली नाही.

आणि एक दिवस थांबले म्हणजे धोका टळला असेही नाही. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात यॉल नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये ७०.३ अंतराची स्पर्धा ‘बेटी’ वादळामुळे एक दिवस पुढे ढकलली, पोहण्याचे अंतरही कमी केले. तरी २० ऑगस्टला पोहताना दोन स्पर्धकांचा मृत्यू झाला. त्या सकाळी समुद्रात स्पर्धा घ्यायला हवी होती का, यावरून आयोजक आणि तिथली ट्रायथलॉन संघटना यांच्यात जाहीर वाद झाला. त्याच गावात २०१९ साली मात्र हवामान वाईट म्हणून पोहणेच रद्द करून स्पर्धा घेतली होती. दोन्ही वर्षे स्पर्धकांनी तयारी तितकीच केली होती, पैसेही भरले होते. पण २०१९ चा निर्णय आज कुणाला आठवतो?

पॅरिसचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ट्रायथलॉन ३० जुलैला होती. त्याआधी पडलेल्या पावसाने सीन नदीचे पाणी दूषित झाले आणि स्पर्धा ३१ तारखेला गेली. जगातले सर्वोत्तम पोहणारे एक दिवस गप्प बसून राहिले. मग आपल्या चाळिशीतल्या नवख्याने वाट पाहिली तर त्यात कसला कमीपणा?

खरे म्हणजे हे ज्ञान आपल्याला पॅरिसहून आणायची गरज नाही. ते आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पण बंदीची मुदत संपली म्हणून लगेच सगळे ट्रॉलर निघत नाहीत. दर्या निवळलेला नसेल तर आणखी काही दिवस थांबतात. किनाऱ्यावर नारळी पुनवेला समुद्राला नारळ अर्पण करतात, तो काही शर्यत सुरू करण्याचा इशारा नसतो. ती परवानगीची विनंती असते. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की मच्छीमार होड्या वर ओढतो. त्या दिवसाची कमाई बुडते, चुलीचा प्रश्न असतो, तरी ओढतो. आमच्या वडीलधाऱ्यांना मुंबई-पणजी बोट आठवते, ती पावसाळ्यात बंदच असे. बोट बंद म्हणून कप्तानाला भित्रा म्हटल्याचे कुणी ऐकले आहे का? ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांना थांबण्याची लाज वाटत नाही. आम्ही हौसेने जाणारे, आम्हालाच ती वाटते!

आमच्या सहकाऱ्याच्या शेजारी एक वयोवृद्ध रापणकार राहतात. आयुष्यभर रापण ओढलेला माणूस. त्यांना मी हा सगळा किस्सा सांगितला, थट्टेसकट. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “परत आयलो न्ही? आनी कितें जाय?” या एका प्रश्नापुढे शाल-श्रीफळाचे सगळे हिशेब मला लटके वाटू लागले.

मग नवख्याला मागे फिरणे इतके जड का जाते? एक तर पैसा. शुल्क हजारांच्या घरात असते आणि ऐनवेळी मागे फिरल्यास ते बहुधा परत मिळत नाही. नोकरदार माणसाला ते टोचते. दुसरे म्हणजे त्याने सगळ्यांना सांगून ठेवलेले असते. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षभर सायकलचे फोटो, शुभेच्छांचे हार, किनाऱ्यावर बायकामुले, मुलीच्या हातात ‘बाबा, पुढे चला’ लिहिलेला पुठ्ठा. लाटेत गटांगळी खाणाऱ्याला तो पुठ्ठा आठवतो. तिसरे कारण आपल्या भाषेत दडलेले आहे. ‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे आपण सहज म्हणून जातो. संसाराबद्दल, नोकरीबद्दल ते ठीक आहे. खऱ्या पाण्याबद्दल ते साफ खोटे आहे. पाण्यात पडले की पोहता येत नाही, आधी शिकलेले असेल तेवढेच येते, आणि खवळलेल्या पाण्यात त्यातलेही निम्मेच येते.

‘माघार’ हा शब्दही तसाच. तो उच्चारला की आपल्या मनात पराभव उभा राहतो. पण ज्या महाराजांच्या नावाने आपण छाती फुगवतो, त्यांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले. ती वेळ ओळखून घेतलेली माघार होती. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, कोंढाण्यापासून ते परत घ्यायला सुरुवात झाली. गनिमी काव्याचे धडे आपण शाळेत अभिमानाने वाचतो. त्या काव्याचा अर्धा भाग मागे सरकण्याचाच होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. इतिहासात जिला आपण मुत्सद्देगिरी म्हणतो, तिलाच शेजारच्या टेबलावरच्या माणसाबाबत पळपुटेपणा म्हणायचे, हा कुठला न्याय?

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रत्येक पाऊस म्हणजे माघारीचे निमित्त नव्हे. पाऊस आला म्हणून सायकल टाकून घरी जाणारा स्पर्धक मलाही पटणार नाही. रस्त्यावरचा पाऊस पुष्कळ अंशी सांभाळता येतो. त्या दिवशी मी उभा होतो त्या वळणावर दोघे घसरले. दोघेही रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबून! ओला रंग आणि गटारावरच्या लोखंडी जाळ्या बर्फासारख्या निसरड्या होतात. त्यांवरून जायचे तर सरळ जावे, वळू नये, ब्रेक लावू नये. ब्रेक उशिरा लागतात म्हणून आधीपासून हळूहळू दाबावेत. चाकात हवा जराशी कमी ठेवावी म्हणजे पकड राहते. डबके दिसले तर ते टाळावे, कारण आपल्या रस्त्यावरच्या डबक्याखाली काय आहे हे सार्वजनिक बांधकाम खात्यालाही सांगता येणार नाही. हे सगळे करताना चार-पाच मिनिटे जास्त जातील. नवख्याची ती मिनिटे जाऊ द्यावीत.

धावताना तर पाऊस आपला मित्रच असतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात दहा वाजता पणजीच्या रस्त्यावर धावून पाहावे म्हणजे पावसाची किंमत कळते. ओल्या मोज्यांनी फोड येतात, मांड्या घासतात, त्यासाठी आधीच व्हॅसलीन चोपडून घ्यावे एवढेच. वीज मात्र वेगळी. वीज चमकल्यावर तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर मोकळ्यावरून आत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. पाण्यात असाल तर आधी पाण्याबाहेर. तिथे शौर्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ओल्या रस्त्यावर सावकाश पुढे जाण्यात शहाणपण आहे आणि खवळलेल्या पाण्यात थांबण्यात. हा फरक कळणे म्हणजेच या खेळाचा पहिला धडा, आणि तो कळण्यासाठी स्पर्धा पूर्ण करावीच लागते असे नाही.

आयोजकांकडून माझ्या मागण्या फार नाहीत. हवामान बिघडले तर काय होणार, हे नाव नोंदवतानाच मराठीत आणि कोंकणीत लिहून द्यावे. पोहणे रद्द झाले तर त्याऐवजी धाव-सायकल-धाव अशी स्पर्धा घेता येते, तशी ती अनेक ठिकाणी घेतातही. पाणी उघडायचे की बंद ठेवायचे, हा शेवटचा शब्द जीवरक्षकांच्या प्रमुखाचा असावा, प्रायोजकाचा नव्हे. आपल्याकडे २००८ पासून किनाऱ्यांवर ‘दृष्टी’चे जीवरक्षक आहेत. लाल बावटा लावला की पर्यटकाला आपण पाण्यात जाऊ नको म्हणतो. मग छातीवर क्रमांक लावलेल्या माणसाला त्याच पाण्यात का सोडायचे? आणि जो स्पर्धक किनाऱ्यावर उभा राहून ‘आज मी उतरत नाही’ असे सांगेल, त्याचे शुल्क पुढच्या वर्षासाठी धरावे. निदान पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी तरी. पैशाची ही एक गाठ सुटली तरी कित्येक जण नीट विचार करतील.

नवख्यांनाही एक विनंती. मागे कधी फिरायचे, हे घरी, कोरड्या अंगाने, आदल्या रात्री ठरवा. आयुष्यात कधी समुद्रात पाचशे मीटर पोहला नसाल तर खवळलेल्या दर्यात पहिल्यांदा पोहायचे नाही. तीन वेळा ठसका लागला की पाठीवर व्हायचे. पाठीवर होऊनही श्वास जागेवर आला नाही की हात वर करायचा. हे घरच्यांनाही सांगून ठेवा. शिट्टी वाजल्यानंतर, ढोल वाजत असताना आणि शेजारचा पुढे जात असताना माणूस नवा विचार करू शकत नाही. तेव्हा त्याला आधी ठरवलेलेच आठवते.

राहिलो आपण, म्हणजे किनाऱ्यावर उभे असलेले, ऑफिसात चहा पिणारे, सत्कार घडवून आणणारे. आपल्याला काही खर्च नाही, कुठला अर्ज भरायचा नाही. पुढच्या वेळी तुमच्या ओळखीचा कुणी पहिल्या स्पर्धेहून परतला की ‘पूर्ण केलीस का?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. ‘दर्या कसा होता?’ असे विचारा. त्याने पूर्ण केली असेल तर तो सांगेलच, न विचारता सांगेल. आणि नसेल पूर्ण केली, तर त्याला दर्याविषयी बोलता येईल, लाटेविषयी, भीतीविषयी, कुठल्या क्षणी हात वर केला त्याविषयी. ते ऐकून कदाचित पुढच्या वर्षी उतरणाऱ्या एखाद्याला आपला हात वेळेवर वर करायचे सुचेल.